इंग्रजीवर कुठवर निभते?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर किंवा संपाच्या आठवणींवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही कळवले, की परदेशी गेलेल्या माणसाचे इंग्रजीवर कुठवर निभते, याविषयी बोलू. चालकांनी नकार दिला नाही, पण चेहऱ्यावर थोडा अचंबा दिसला. हा विषय प्रोफेसर मंडळींचा. ज्याची शाळा सातवीत सुटली आणि ज्याचे इंग्रजी कारखान्यांच्या कायद्याचे पुस्तक समोर व शब्दकोश शेजारी ठेवून झाले, अशा माणसाने त्यात का पडावे? त्याचे कारण आमच्या हातून झालेली एक चूक आहे. ती आम्ही सांगणारच आहोत. आधी जरा जग फिरून येऊ.

आम्ही राहतो वीरला. १९९३ साली रोह्याहून वीरपर्यंत रूळ आले, आणि पुढचे काम होईतो कोकण रेल्वे आमच्या गावाशीच संपत असे. अजूनही महाड, पोलादपूर आणि रायगड किल्ला यांच्यासाठी लोक तिथेच उतरतात. काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत एक परदेशी जोडपे सकाळच्या गाडीने उतरले. पाठीवर पिशव्या, हातात नकाशा. आम्ही कुणाला तरी पोचवायला गेलो होतो, म्हणून पुढचा प्रसंग पाहायला मिळाला. त्यांना रायगडावर जायचे होते. आमच्या रिक्षावाल्याचे इंग्रजी ‘येस’, ‘नो’, ‘वेटिंग’ आणि ‘नो प्रॉब्लेम’ यांपुढे जात नव्हते. तरी पाच मिनिटांत सौदा झाला. भाडे बोटांवर ठरले, परतीची वेळ घड्याळाच्या काट्यावर बोट ठेवून ठरली. चहावाल्याने न मागता दोन कप पुढे केले. तिकीट-खिडकीवरचे गृहस्थ बाहेर येऊन रस्ता समजावू लागले, आणि कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने तर दुभाष्याचे काम स्वतःकडेच घेतले. मागाहून कळले, की ते दोघे हॉलंडचे होते. म्हणजे इंग्रजी त्यांच्याही घरची नव्हती. त्यांच्या घरी डच, आमच्या घरी मराठी, आणि मधे हे मोडके इंग्रजी! पण काम झाले. संध्याकाळी दोघेही उन्हाने लाल होऊन, हसत परत आले आणि गाडीत बसून गेले.

या गोष्टीचा आमच्या मनावर फार परिणाम झाला. पुढे कित्येक सभांतून आणि घरगुती बैठकींतून आम्ही ती तरुण मुलांना सांगत असू, आणि शेवटी म्हणत असू, की चार वाक्ये इंग्रजी शिका, जगात कुठे अडणार नाही.

हॉलंडच्या माणसाला इंग्रजी इतके येते कसे, याचा आम्ही नंतर शोध घेतला. युरोपीय महासंघाने २०१२ साली भाषांविषयी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली होती. मातृभाषेखेरीज इंग्रजीत संभाषण करू शकतो, असे सांगणारे लोक हॉलंडमध्ये शेकडा ९० निघाले, स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये ८६. जर्मनीत हा आकडा ५६ वर येतो, फ्रान्समध्ये ३९, इटलीत ३४, स्पेनमध्ये २२ आणि हंगेरीत अवघा २०. लोकांनी स्वतःविषयी दिलेले हे उत्तर आहे, परीक्षा घेऊन काढलेला निकाल नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही प्रवाशाला त्यातून दिशा कळते. उत्तरेकडच्या लहान देशांत इंग्रजीवर चालते. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जावे तसतसे ते हॉटेल आणि विमानतळ यांच्या भोवती गोळा होते. त्याचे एक कारण गमतीचे आहे. हॉलंड आणि स्वीडन-डेन्मार्कमध्ये परदेशी चित्रपट मूळ भाषेत दाखवून खाली अक्षरे देतात. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेन येथे त्यांचा आवाजच बदलून आपल्या भाषेचा करतात. एका ठिकाणचे पोर लहानपणापासून रोज संध्याकाळी इंग्रजी ऐकते, दुसऱ्या ठिकाणचे ऐकत नाही. शिवाय लहान देशाची भाषा त्याच्या सरहद्दीबाहेर कुणी शिकत नाही, त्यामुळे व्यापारासाठी त्यालाच दुसऱ्याची शिकावी लागते. फ्रेंच किंवा स्पॅनिश माणसाला तशी निकड कधी वाटलीच नाही.

आशियात सिंगापूरला काहीच अडत नाही. तिथल्या चार राजभाषांत इंग्रजी आहे, बाकीच्या तीन मलय, चिनी आणि तमिळ. जपानात स्टेशनांची नावे रोमन लिपीत असतात, परंतु पाटीवर इंग्रजी असले म्हणजे पाटीखाली उभ्या असलेल्या माणसाला ते येतेच असे नाही. हे आपणास नवीन नाही. वीर स्टेशनच्या पाटीवरही इंग्रजी आहे.

पुढे युनियनच्या कामानिमित्त आम्हांला एकदा जिनीव्हाला जाण्याचा योग आला. जून महिन्यात तिथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची परिषद भरते. आमचे इंग्रजी सारे कायद्याचे. ‘रिट्रेंचमेंट’, ‘ले-ऑफ’, ‘ग्रॅच्युइटी’ हे शब्द आम्ही झोपेतही बिनचूक म्हणू. पण चहात दूध वेगळे द्या, हे कसे सांगावे, ते १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कुठेही दिलेले नव्हते! पहिल्याच सकाळी आम्ही बसच्या चालकाला ‘आय. एल. ओ.’ असे विचारले. त्याने खांदे उडवले. दुसऱ्यांदा मोठ्याने विचारले. इंग्रजी न समजणाऱ्याला ते मोठ्याने सांगितले म्हणजे समजते, असा आपला एक समज आहे. शेवटी भाजीची पिशवी घेतलेल्या एका म्हातारीने ‘बे-ई-ते’ असा उच्चार केला आणि बोटाने पुढची दिशा दाखवली. फ्रेंचमध्ये त्या कचेरीच्या नावाची अक्षरे ती आहेत, आणि जिनीव्हा हे फ्रेंच बोलणारे गाव. ज्या संस्थेचे इंग्रजी नाव आम्ही तीस वर्षे घोकले, ते तिच्या दारावरून जाणाऱ्या बसच्या चालकाला माहीत नव्हते.

सभागृहात मात्र थाट वेगळा. कानाला यंत्र लावले, की इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, अरबी, चिनी, जर्मन, रशियन यांपैकी हवी ती भाषा ऐकू येते. भाषणे मजुरांविषयी, स्थलांतरित कामगारांविषयी. आम्ही उतरलो होतो त्या लहानशा हॉटेलात खोल्या झाडणारी बाई पोर्तुगालची होती. तिला इंग्रजी नव्हते, आणि आम्हांला पोर्तुगीज असण्याचा प्रश्नच नव्हता. रोज सकाळी आम्ही दोघे हातवारे करून बोलत असू. एके दिवशी तिने साबणाच्या पाण्याने सुजलेली बोटे दाखवली. आम्ही आमच्या कानाकडे बोट दाखवले. मशिनच्या आवाजाने आमचा डावा कान गेलेला आहे. एवढाच आमचा परिचय. सभागृहात जिच्याविषयी सात भाषांत बोलणे चालले होते, ती बाई त्यांपैकी एकही बोलत नव्हती.

त्या कचेरीशी आपल्या भागाचे जुने नाते आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नाही. आयटकचे संस्थापक नारायण मल्हार जोशी हे आपल्या शेजारच्या गोरेगावचे. १८७९ साली त्यांचा जन्म तिथे झाला. वीरच्या अलीकडचे स्टेशन गोरेगाव रोड, ते याच गावाच्या नावाचे. १९१९ साली या संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली, तीत हिंदुस्थानातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले. त्यांना नेमले होते सरकारने. आपला प्रतिनिधी आपणच निवडावा, या विचाराने मग जोर धरला, आणि पुढल्याच वर्षी मुंबईत आयटक उभी राहिली. त्या परिषदेच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. जोशी डेक्कन कॉलेजात शिकलेले, त्यांचे कुठेच अडले नसेल. पण परळच्या गिरणीतला साचेवाला वॉशिंग्टनला गेला असता, तर त्याला आपले दुखणे कोणत्या भाषेत मांडता आले असते? कामगारांच्या वतीने बोलायला इतकी वर्षे वकील आणि पदवीधर का लागले, याचे एक उत्तर इथे आहे. आम्ही जोशींविषयी पूर्ण आदर ठेवून हे म्हणतो.

महाडच्या लोकांपुढे भाषेविषयी बोलताना बाबासाहेबांचे नाव घेणे ओघानेच येते. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याआधीच कोलंबिया आणि लंडन येथे त्यांचे शिक्षण झाले होते, आणि त्यांच्या इंग्रजीची बरोबरी करणारे त्या काळी हिंदुस्थानात थोडेच असतील. परंतु जर्मनीत बॉन विद्यापीठात शिकण्याचा बेत केला, तेव्हा इंग्रजीवर भागवून घेऊ असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी जर्मनचा अभ्यास केला होता.

आपल्या लोकांची आणखी दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, आणि त्या दिवशी सगळ्या देशाला सुट्टी असते. त्या देशाच्या कायदेमंडळाची अधिकृत भाषा इंग्रजी आहे. तेवढ्यावर विसंबून कुणी गेला, तर बाजारात उतरताच त्याला कळेल, की लोक क्रिओल बोलतात आणि वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये निघतात. दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातल्या बेने इस्रायलांचे. अलिबाग, पेण, रोहा या बाजूला तेलाचे घाणे चालवणारे हे लोक. शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर ते मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. मुंबईत राहून शिकलेल्यांना इंग्रजी येत होते, पण तिथे पहिले काम हिब्रूच्या वर्गात बसण्याचे. घरातले मराठी त्यांनी टाकले नाही, ‘मायबोली’ नावाचे नियतकालिकही काढले. नोकरी मात्र हिब्रूवरच मिळाली. पाहुणा म्हणून जाणे आणि पोटासाठी जाणे यांत किती अंतर आहे, ते या मंडळींना पहिल्या महिन्यातच समजले असेल.

आता आमची चूक.

दहा-बारा वर्षे झाली असतील. पोलादपूर तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे आला. आयटीआयचा फिटर, कामाने चांगला. इथे औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे होता, कायम होण्याची आशा नव्हती. मुंबईच्या एका एजंटाने त्याला आखातातली नोकरी दाखवली होती. हातातला इंग्रजी कागद त्याने आमच्यापुढे ठेवला. पद फिटरचे, दिवस आठ तासांचा, जादा कामाला जादा पैसे, राहणे-जेवण मालकाचे. कागदात आम्हांला काहीच वावगे दिसले नाही. तो म्हणाला, “काका, माझं इंग्रजी चालंल ना तिथं?” आम्ही नेहमीची गोष्ट सांगितली. “अरे, वीर स्टेशनवर त्या हॉलंडच्या माणसांचं निभलं, मग तुझं का नाही निभणार? तुझं इंग्रजी आपल्या रिक्षावाल्यापेक्षा बरं आहे.” तो हसला आणि गेला.

आखातात आपल्या लोकांना बोलण्याची अडचण मुळात फारशी येत नाही. फार जुना व्यवहार आहे तो. एके काळी तिथे आपलाच रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. पुढे १९६१ साली कुवेतने आणि १९६५ साली बहारीनने आपापले चलन सुरू केले. दुबईच्या बाजारात आजही हिंदीवर जेवढे काम होते, तेवढे कित्येकदा इंग्रजीवरही होत नाही. त्यामुळे त्या मुलाला मुकादमाचे बोलणे कळत होते, आणि मुकादमालाही त्याचे. अडले ते वेगळ्याच जागी. पोचल्याच्या पहिल्या रात्री, वीस तासांच्या प्रवासानंतर, एका खोलीत बसवून त्याची अरबी कागदावर सही घेतली. पासपोर्ट ठेवून घेतला. महिनाअखेर पगार हाती आला तो ठरल्याच्या दोन-तृतीयांश, आणि पद मदतनिसाचे. त्याने इंग्रजी कागद दाखवला. मुकादम म्हणाला, तो तुझ्या एजंटाचा कागद, इथला नव्हे. दोन महिन्यांनी तो धीर करून कामगार कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने इंग्रजी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि अरबी प्रत मागितली. ती त्याच्याजवळ नव्हती. पुढे तिथे वीस वर्षे काढलेल्या एका मल्याळी कामगाराने खटपट करून ती मिळवली आणि त्याला हिंदीत वाचून दाखवली. आपण कशावर सही केली, हे त्याला तेव्हा प्रथम कळले.

सात महिन्यांनी तो परत आला. काही पैसे मिळाले, बरेच बुडाले. एजंटाला देण्यासाठी काढलेले कर्ज तेवढे शिल्लक राहिले. त्याची आई आमच्या ओटीवर येऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. एवढेच म्हणाली, “भाऊ, तुम्ही म्हणाला होता, निभंल.”

आम्ही तीस वर्षे लोकांना सांगत आलो, की न वाचता सही करू नका. आणि ज्या कागदाला त्या देशात किंमत नव्हती, तो वाचून आम्हीच त्याला पाठवले.

त्यानंतर आम्ही हा विषय बारकाईने पाहू लागलो. वीर स्टेशनवर त्या जोडप्याचे निभले, कारण त्यांचे बोलणे समजण्यात रिक्षावाल्याचा फायदा होता, चहावाल्याचा फायदा होता, आणि कॉलेजच्या मुलाला मजा होती. पैसा त्यांच्या खिशातून निघणार होता. आमचा मुलगा गेला तिथे पैसा दुसऱ्याच्या खिशातून निघायचा होता, आणि त्याचे बोलणे न समजण्यातच समोरच्याचा फायदा होता. जिनीव्हाच्या हॉटेलातही मालकाला आमच्याशी बोलण्यापुरते इंग्रजी येत होते, झाडणाऱ्या बाईशी बोलण्यापुरते पोर्तुगीज येत होते की नाही, कोण जाणे.

कायदा काय म्हणतो तेही पाहिले. सौदी अरबस्तानच्या २००५ च्या कामगार कायद्याचे कलम ९ आणि कुवेतच्या २०१० च्या कायद्याचे कलम २९ जवळजवळ एकच गोष्ट सांगतात : करार अरबीत असला पाहिजे, सोबत दुसऱ्या भाषेत प्रत असली आणि दोहोंत फरक निघाला, तर अरबी खरी. यात अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या देशाचे न्यायालय, त्याची भाषा. आपल्याकडेही तालुक्याच्या कोर्टात मराठीच चालते. संयुक्त अरब अमिरातीने एक बरी सुधारणा केली. १ जानेवारी २०१६ पासून तिथे नेमणुकीचा देकार अरबी आणि इंग्रजीखेरीज कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेतही दाखवावा लागतो. त्यासाठी ठरवलेल्या भाषांत हिंदी, उर्दू, बंगाली, मल्याळम, तमिळ, नेपाळी, सिंहली, चिनी आणि दारी आहेत. मराठी नाही, आपल्या माणसाने हिंदी प्रत मागावी. फेब्रुवारी २०१९ मध्ये अबू धाबीच्या न्यायखात्याने अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदी ही तिसरी भाषा स्वीकारली, ती मुख्यतः कामगारांना आपली तक्रार मांडता यावी म्हणून. म्हणजे परदेशातल्या एका कोर्टात आपल्या माणसाच्या उपयोगी पडली ती घरची हिंदी. पासपोर्टविषयीही एक सांगून ठेवतो. तो मालकाने अडकवून ठेवणे आखातातल्या बहुतेक देशांच्या कायद्यालाही मान्य नाही. पण ज्याला हे ठाऊक नाही, तो मागणार कसा?

समुद्रावर एकेकाळी याच्या उलट प्रकार होता, तो सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण आमचे आजोबा बोटीवर आगवाले होते. दासगाव-बाणकोटहून मुंबई, आणि मुंबईहून विलायतेच्या बोटीवर, अशी आपल्या खाडीकाठच्या कित्येक घरांची वाट होती. त्या बोटींवर खलाशी आपले आणि अंमलदार गोरे. खलाशांची एक बोली होती, तिला लश्करी म्हणत. तीत हिंदुस्थानी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि मलय असे सगळे शब्द एकत्र शिजलेले. ही बोली गोऱ्या अंमलदारांना शिकावी लागे. टॉमस रोबक नावाच्या गृहस्थाने १८११ सालीच त्यांच्यासाठी जहाजावरच्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश केला होता. साहेबाला हे काही प्रेमाने सुचलेले नव्हते. वादळात शीड उतरवण्याचा हुकूम खलाशाला कळला नाही, तर साहेबही खलाशाबरोबरच बुडणार होता!

आज जहाजावर इंग्रजीचा नियम आहे. त्यामागे अपघात आहेत. ७ एप्रिल १९९० रोजी ऑस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी बोटीला रात्री आग लागली आणि १५९ माणसे मेली. खलाशांत पोर्तुगीज पुष्कळ होते, त्यांतल्या अनेकांना ना प्रवाशांची भाषा येत होती, ना इंग्रजी. २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजावर वापरायच्या इंग्रजी वाक्यांचा एक संचच ठरवून दिला. बोटीवर जाणाऱ्या आपल्या मुलांनी तो पाठ केलाच पाहिजे; तिथे इंग्रजीवाचून निभणार नाही. आम्ही इंग्रजीच्या विरुद्ध बोलतो आहोत असे कुणी समजू नये. आमचे स्वतःचे पोट त्या भाषेवर चालले आहे.

परंतु आखातात जाणाऱ्या मुलाला आम्ही आता वेगळे सांगतो. अरबी कागदाची प्रत इथून निघण्यापूर्वी मागा, आणि ती दोन माणसांकडून वाचून घ्या, त्यांतला एक एजंटाचा नसावा. पासपोर्टाचे आणि दोन्ही कागदांचे फोटो घरी ठेवा. आपल्या सरकारच्या नोंदणीत लिहिलेला पगार आणि कागदावरचा पगार एकच आहे का, ते पाहा. आणि थोडी अरबी शिका. हे ऐकले की मुले घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही, कारण महाडच्या कचेरीत ज्याने एकदा तरी अर्ज केला आहे, त्याला निम्मे शब्द येतातच. हक्क, हिशेब, शर्त, मुदत, तारीख, मालक, हे सगळे मूळचे अरबी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारी कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द काढवले, तरी तलाठ्याच्या दप्तरातून हे काही हलले नाहीत, आणि आज आमच्या मुलांना ते उपयोगी पडत आहेत. दोन ठिकाणी मात्र जपावे लागते. आपण ज्याला करार म्हणतो, त्याला ते ‘अक्द’ म्हणतात. ‘करार’ म्हणजे तिथे निर्णय. आणि कुणी आपला ‘वकील’ आहे असे सांगितले, तर तो कोर्टात भांडणारच असे समजू नये. तिकडे त्याचा अर्थ प्रतिनिधी किंवा एजंट असाही होतो.

वीरला आमच्या खोलीत रविवारी सकाळी सहा-सात मुले जमतात. शिकवायला दोघेजण येतात. एक कुवेतला बरीच वर्षे काढून आलेले म्हसळ्याकडचे चाचा आहेत. दुसरा तोच फिटर. कर्ज फिटले, आता तो इथेच कामाला आहे. आमच्यावर त्याचा राग असेल तर तो त्याने कधी दाखवला नाही. पहिल्या रविवारी तो आकडे शिकवतो, कारण पुष्कळ अरबी कागदांवर पगाराचा आकडा त्यांच्या अंकांत असतो. त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि त्यांचा पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा गोल. खडूने तो फळ्यावर पंधराशे लिहितो आणि मुलांना वाचायला सांगतो. एक उभी रेघ, एक गोल, पुढे दोन ठिपके. नवीन आलेला मुलगा बहुधा दहा वाचून थांबतो आणि ठिपके कशाचे म्हणून विचारतो. मग फिटर खिशातून त्या पहिल्या रात्रीच्या कागदाची प्रत काढतो आणि त्याच्या हातात देऊन म्हणतो, “यातला पगार शोध.”